गजाली मारणारी म्हातारी: फोम आणि कापडाची बोलकी बाहुली

आत हात घालून बोलती करायच्या बाहुलीचं नाक वाकडं झालं तर चालतं, म्हातारीला ते शोभतंसुद्धा. केस विरळ राहिले तरी कोणी विचारत नाही. पण तोंड नीट उघडलं-मिटलं नाही तर ती बोलत नाही, नुसत्या जांभया देत बसते. म्हणून शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी तोंड करायला लावते, डोकं मागाहून. मी वेंगुर्ल्यात ब्लाऊज शिवते. चतुर्थीच्या आधी मशीनला उसंत नसते, त्यामुळे बाहुल्यांचं काम मे महिन्यात.

सामान गादीवाल्यापासून सुरू करा. चार सुती फोम मागायचा, म्हणजे अर्धा इंच जाडीचा. मुठीत चुरगळून सोडला की लगेच पूर्ववत झाला पाहिजे. पिवळा पडलेला, भुगा सुटणारा तुकडा फुकट दिला तरी घेऊ नका. चिकटवायला प्लायवूडच्या दुकानातलं एसआर, सनमायका बसवायला सुतार वापरतात ते. पांढरं फेविकॉल फोमवर लवकर वाळत नाही, आणि वाळलं की सांधा कडक होतो. एसआर पेट घेतं आणि त्याचा वास डोक्यात चढतो, तेव्हा पडवीत बसा. चुलीपासून, गॅसपासून आणि देवाच्या दिव्यापासूनही लांब.

आता तोंड. तीन एमएमच्या प्लायचे दोन तुकडे सुताराकडून कापून घ्या: पाच इंच रुंद, तीन इंच खोल, पुढची बाजू गोल, मागची सरळ. पुठ्ठा चालेल असं पुष्कळजण सांगतात. आमच्या हवेत तो एका पावसाळ्यात लोळागोळा होतो. दोन्ही तुकड्यांच्या सरळ बाजू समोरासमोर ठेवून मधे दोन सूत फट सोडा आणि वरून एकच लाल कापड चिकटवा. उलट बाजूने फटीवर रेग्झिनची पट्टी. हाच जबड्याचा सांधा. हाताच्या बाजूला फोमचे दोन खिसे करायचे, वर चार बोटांना, खाली अंगठ्याला. खिसा घट्टच हवा. बोटं सैल राहिली तर शब्द एकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

डोक्यासाठी बावीस इंच लांब, दहा इंच उंच फोम घ्या. खालचे साडेचार इंच अखंड ठेवा. वरच्या साडेपाच इंचांत चार पाकळ्या आखा, प्रत्येक पाकळी बुडाशी साडेपाच इंच रुंद. पाकळीच्या कडा बाहेरच्या बाजूला फुगीर असाव्यात. सरळ रेषेत कापल्या की डोकं टोपीसारखं टोकदार होतं. कटरचं नवं पान लावा आणि सरळ उभं धरा, तिरका काप गेला की सांधा उघडा पडतो.

एसआर दोन्ही कडांना लावायचं, आणि थांबायचं. इथेच सगळे घाई करतात. बोटाच्या मागच्या बाजूने टेकवून बघा, बोटाला चिकटून तार सुटली नाही की कडा जोडा. एकदा टेकली की सरकवता येत नाही, म्हणून आधी दोन टोकं जुळवा, मग मधला भाग दाबत या. जुलैत हेच काम काढलं तर दमट हवेमुळे एसआरवर पांढरट पापुद्रा धरतो आणि पकड जाते. मे महिन्याचं खरं कारण हे.

घुमट तयार झाला की खालच्या कडेपासून दोन इंचांवर पुढच्या बाजूने आडवी चीर द्या. तोंडाच्या तुकड्याच्या गोल कडेवरून टेप फिरवा, जवळजवळ नऊ इंच भरेल. चीर तेवढीच. वरच्या ओठाला वरचा प्लाय, खालच्याला खालचा, कडेला कड लावून चिकटवा. हात घालून पाहा. अंगठा खाली गेला पाहिजे, चार बोटं जागच्या जागी. बोटंही उचलली गेली तर बाहुली प्रत्येक शब्दाला छताकडे बघते.

कापड फ्लीसचं. आठवडा बाजारात स्वस्त ब्लँकेटं मिळतात, त्यातला चहाच्या रंगाचा भाग उत्तम. त्याच्या कडांचे दोरे सुटत नाहीत आणि टाका लवेत बुडून जातो. ताण डोक्याभोवती आडवा येईल असं कापा, मागे हाताने उलटी टीप मारा. जुना टी-शर्ट वापरणार असाल तर दुहेरी घ्या, नाहीतर फोमचे सांधे उमटतात. नाक-कान उरलेल्या फोमचे, कात्रीने कोरून.

डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून. अमेरिकेतला बाहुलीवाला जिम हेन्सन, त्यानं 1955 साली आईच्या जुन्या कोटाचा पहिला कर्मिट बनवला, पुढे बेडूक म्हणून गाजला तो बाहुला, त्याचेही डोळे असेच अर्ध्या चेंडूचे. बुबुळं मात्र लगेच रंगवू नका. काळ्या कागदाच्या टिकल्या लावून घरातल्या कुणाला तरी सहा-सात फुटांवर बसवा आणि त्यालाच विचारा, ही माझ्याकडे बघते का? बहुतेक वेळा टिकल्या नाकाच्या बाजूला किंचित सरकवाव्या लागतात. अगदी मधोमध ठेवल्या तर नजर हरवलेली वाटते.

बाकीचा साज ज्याचा त्याने करावा. माझ्या म्हातारीचा अंबाडा काथ्याचा आहे. काथ्याची कुसं गळतात, तेव्हा आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्यावर पिवळ्या कापडाचा सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, कारण वेंगुर्ल्याची बाई सुरंगी माळल्याशिवाय बाहेर पडली असं कोण मानणार? लुगडं जुन्या साडीचं. हात हलवायला मोडक्या छत्रीची काडी, खाऱ्या हवेत गंजते म्हणून चिकटपट्टी गुंडाळून.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात बाहुली म्हटली की आधी पिंगुळी गावाचं नाव निघतं. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021ची पद्मश्री. फोमचं काम त्यापुढे पोरखेळ. तरी बाहुली हातात धरायच्या आधी तिथे एक खेळ बघून या.

बोलण्याचा सराव आरशासमोर करा. अक्षर फुटताना तोंड उघडायचं, मिटताना नाही. 'काय गो, खंय चल्लंस?' एवढं वाक्य घ्या, प्रत्येक अक्षराला नको, ठळक उच्चाराला उघडा. मालवणीत हेल असल्यामुळे जागा आपोआप सापडतात.

ठेवताना डोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा, उंदरांना फोम फार आवडतो. पावसाळ्यात उघडीप मिळाली की वारा द्या, पण सावलीत. उन्हाने फोम पिवळा पडून झिजतो.