कूलर काढताना माळाही मोकळा करा

नागपुरात मार्चमध्ये माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि रजया वर जातात. घरातले ओझे कमी करण्यासाठी हीच वेळ मला सर्वांत योग्य वाटते, कारण पावसाळा, हिवाळा आणि मागचा उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत ज्या वस्तूला हात लागला नाही, ती तेव्हा आपोआप समोर येते. अशी वस्तू पुन्हा वर ठेवू नये. चांगले कपडे धुऊन, घडी घालून गरजूंना द्यावेत. बोहारणीकडून त्यांच्या बदल्यात भांडे घेतल्यास अडगळ केवळ रूप बदलते. बंद पडलेले मिक्सर व मोबाइल अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावेत. आईवडिलांच्या आठवणींच्या वस्तूंबाबत मात्र घाई करू नये. त्यांचा निर्णय घरातील सर्वांनी एकत्र बसून घ्यावा.