डाग भट्टीत दिसतो, चूक आधीच झालेली असते: बाग पद्धतीच्या छपाईत या चुका टाळा

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या बाग गावची लाल-काळी छपाई इंदूरच्या घरात, गच्चीवर करून बघणारे आता बरेच आहेत. कापड भट्टीतून, म्हणजे रंगाच्या उकळत्या पाण्यातून, बाहेर आलं की पांढरी जमीन (न छापलेला भाग) गुलाबी, लाल फुटका, काळा करडा, आणि सगळा राग रंगावर निघतो. रंगाचा दोष क्वचितच असतो. या पद्धतीत ठशाने रंग छापत नाहीत. काळ्यासाठी लोखंडाचं पाणी आणि लालसाठी तुरटी छापतात. लाल रंग शेवटी भट्टीत तुरटीला येऊन चिकटतो. म्हणून बिघाड शोधायचा तर भट्टीपासून मागे मागे जायचं.

पांढरी जमीन गुलाबी झाली

दहातल्या आठ तक्रारी हीच, आणि कारण बहुधा धुण्यात. छापून वाळलेल्या कापडावर न चिकटलेली तुरटी, लोखंड आणि त्यांना घट्टपणा द्यायला मिसळलेली खळ असते. बागला ती नदीच्या वाहत्या पाण्यात निघून जाते. आपण कापड बादलीत बुडवून ठेवतो. सुटलेली तुरटी त्याच पाण्यातून पांढऱ्या भागावर बसते आणि भट्टीत तिथेही लाल चढतो. बादलीत भिजत घालणं ही या कामातली सर्वांत महागडी सवय.

धुण्याआधी छापलेलं कापड किमान आठवडाभर हवेशीर टांगा. धुणं नळाच्या दिवशीच ठेवा. एकाआड एक दिवस पाणी येणाऱ्या वस्तीत टाकीच्या भरवशावर हे होत नाही. मोठ्या टबात 10 लिटर पाण्याला 50 ते 100 ग्रॅम खडूची भुकटी ढवळा. शाळेतला खडू नको, तो बहुतेकदा जिप्समचा असतो. कॅल्शियम कार्बोनेट मागा. कापड घडी न करता, उघडंच, एका झटक्यात आत घाला आणि दहा मिनिटं सतत हलवत राहा. थांबलात की छापलेला भाग शेजारच्या पांढऱ्यावर टेकतो आणि ठशाची सावली उमटते. मग नळाखाली धार लावून, चोळत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. बोटांना बुळबुळीतपणा लागतोय तोवर खळ शिल्लक आहे.

एवढं करूनही जमीन फिकट गुलाबी राहिली तर गव्हाच्या कोंड्याच्या पाण्यात अर्धा तास मंद उकळा, नंतर ओलं कापड उन्हात पसरून वाळलं की पुन्हा पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांत जमीन उजळते. ब्लीचिंगचं पाणी वापरलंत तर पांढऱ्याबरोबर छापाही जाईल.

लाल विटकरी किंवा ढगाळ आला

लालमध्ये लोखंड शिरलं की तो मळतो. गंजकी बादली, लोखंडी कढई, वाळत घालायची तार, आणि काही बोअरिंगचं पाणी. माळव्यातलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियमचा लालला उलट फायदाच होतो, पण साबण फाटतो आणि पाण्यात लोखंड असेल तर रंग मळतो. बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून तळाशी तांबूस गाळ बसला, तर ते भट्टीत नकोच. नर्मदेचं नळाचं पाणी घ्या. भांडं तांब्याचं किंवा स्टीलचं.

भट्टीसाठी एक किलो कोरड्या कापडाला 10 ते 20 ग्रॅम अलिझरीन (हाच तो लाल रंग) आणि 50 ते 100 ग्रॅम धायटीची फुलं. फुलं वेगळी उकळून गाळून घ्या, जमीन स्वच्छ राहायला ती मदत करतात. पंसाऱ्याकडे धायची फुलं म्हणूनच मागा; धावडा म्हटलंत तर डिंक मिळेल. कापड गार पाण्यात घालून तासाभरात हळूहळू उकळीजवळ आणायचं आणि काठीने फिरवत राहायचं. उकळत्या पाण्यात थेट टाकलेलं कापड ढगाळ रंगतं, ते नंतर सारखं करता येत नाही.

अलिझरीन प्रयोगशाळेत पहिल्यांदा 1868 मध्ये बनलं. आज बाजारात मिळतं ते तेच, कृत्रिम. मंजिष्ठाच, म्हणजे लाल रंग देणारी वनस्पतीची मुळीच, हवी असेल तर किलोला 300 ते 500 ग्रॅम भुकटी घ्या, पण लाल थोडा नारिंगीकडे झुकेल. अलिझरीन वापरून पाटीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिणं मात्र आम्हाला पटत नाही.

लालमध्येच पांढरे ठिपके असतील तर खळ फार घट्ट होती, तुरटी धाग्यात उतरलीच नाही. कडा पसरल्या असतील तर पातळ होती. एक लिटर गरम पाण्यात 80 ते 100 ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवा, गार झाल्यावर चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ मिसळा. चमच्यातून पट्टीसारखी पडली पाहिजे. तुरटी कापडावर दिसत नाही, म्हणून चिमूटभर गेरू घालतात, नाहीतर दुसरा ठसा कुठे बसवायचा तेच कळत नाही.

काळा काळा होत नाही

लोखंडाचं पाणी कच्चं असतं, किंवा छपाईआधी कापडाला लावलेला हिरडा कमी पडतो; लोखंड हिरड्याशी मिळूनच काळं होतं. लिटरभर पाण्यात अर्धा किलो गंजकं भंगार आणि 100 ग्रॅम गूळ, झाकण सैल, 15 ते 20 दिवस. घट्ट झाकण लावाल तर वायू कोंडतो. फेस बसला की हिरडा लावलेल्या चिंधीवर थेंब टाका. लगेच काळा पडला तर गाळून खळ मिसळा. काळा अजून गडद व्हावा म्हणून लोखंड वाढवू नका. जास्तीचं लोखंड सुताला कुजवतं आणि काही वर्षांनी नेमक्या काळ्या रेषांवर कापड जाळीसारखं विरतं.

हिरड्याची भुकटी किलोला 150 ते 200 ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळलेली. कोमट पाण्यात कापड अर्धा तास फिरवून, एकसारखं पिळून, जमिनीवर सपाट पसरून उन्हात वाळवा. दोरीवर टाकलंत तर घडीवर हिरडा साचतो आणि छापल्यावर तिथे गडद पट्टा येतो. यानंतर कापड धुवायचं नाही, आणि उन्हाकडची पिवळी बाजू वर ठेवून छापायचं. सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळलेला हातही न धुता लावू नका. लिंबाचं आम्ल लोखंड आणि तुरटी दोन्ही ओढून घेतं, तिथे पांढरा ठिपका राहतो.

सगळंच फिकं आलं

कापड तपासा. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधलं ‘प्युअर कॉटन’ बऱ्याचदा मिश्र निघतं. धागा जाळा, गाठ उरली तर त्यात पॉलिएस्टर आहे. शुद्ध सुतालाही मिलची खळ असते. किलोला 30 ते 40 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाण्याचा थेंब दोन-तीन सेकंदांत शोषला गेला नाही तर पुन्हा उकळा.

ठशांचं थोडक्यात: नवा ठसा आठ-दहा दिवस तेलात मुरवा, काम झाल्यावर ब्रशने धुऊन सावलीत उभा ठेवा, पाण्यात बुडवून विसरू नका. आणि मे महिन्यातल्या दुपारी छपाई टाळा. गरम वाऱ्यात खळ ठशावरच सुकते आणि बारीक नक्षी भरून जाते. सकाळी दहाच्या आत हात उरका, ठसा टेकवायच्या खळीच्या गादीवर ओलं गोणपाट झाकून ठेवा.