शाळेत 'ऐकायची लायब्ररी' करायचीय? मग आधी एवढं बघून ठेवा

ऐकायची लायब्ररी म्हणजे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची आणि मुलांनी ती पुस्तक हातात घेऊन ऐकायची. तर पहिली गोष्ट म्हणजे स्पीकर आणायला धावू नका. सगळे तिथूनच सुरुवात करतात, फोटोबिटो निघतात आणि मग वाजवायला काय, तर यूट्यूबवरच्या गोष्टी, ज्यात राक्षस यायच्या ऐन वेळी गुटगुटीत बाळाच्या पावडरची जाहिरात लागते. खरेदी सगळ्यात शेवटी. आधी कोण ऐकणार ते ठरवा. दुसरी-तिसरीतली अक्षरं जुळवत वाचणारी मुलं, कमी दिसणारं एखादं मूल, घरी कोरकू किंवा अहिराणी बोलणारी मुलं, या सगळ्यांना एकच रेकॉर्डिंग चालेल असं नाही. आणि ऐकताना पुस्तक हातात पाहिजेच, ओळीवर बोट फिरलं पाहिजे, नाहीतर तो रेडिओ झाला, वाचन नाही (रेडिओही वाईट नाही म्हणा, पण मग त्याला लायब्ररी कशाला म्हणायचं). म्हणून यादी करताना ज्या पुस्तकाच्या किमान तीन-चार प्रती कपाटात आहेत तेच आधी घ्या. सुरुवातीला वीस पुस्तकं झाली तरी खूप झाली.

मग परवानगी. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, मोजायचं पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं २०११ पासून सगळ्यांना मोकळं. पण कुणी अलीकडे त्याचं संक्षिप्त रूप केलं असेल तर ते लिखाण त्या माणसाचं, तेव्हा प्रत नीट बघून घ्या. नवीन गोष्टी हव्यात तर प्रथम बुक्स या प्रकाशकाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठीत भरपूर आहेत आणि खुल्या परवान्यावर आहेत, म्हणजे वेगळी परवानगी मागावी लागत नाही, फक्त लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घ्यायची. बाकी पुस्तकांसाठी प्रकाशकाला साधं पत्र टाका. दृष्टिहीन मुलांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सूट आहे, त्यांच्यासाठी पुस्तक बोलतं करता येतं, पण ती फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, ती त्या मुलांपुरतीच. अशा मुलांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी पण आहे, तिथे आधी शोधा, उगाच दुप्पट मेहनत नको.

आवाज कुणाचा? मशीनचा नको असं माझं स्पष्ट मत. 'चंद्र' आणि 'चमचा' यातला च वेगळा असतो हे त्या सॉफ्टवेअरला दरवेळी कळेलच असं नाही, आणि वाचायला शिकणारं पोरगं जे ऐकेल तेच उचलणार. शिक्षक, सातवीच्या मुली, पोस्टमन काका, कुणाची तरी आजी, असे चार-पाच आवाज जमवा. आजीने तिच्या बोलीत सांगितलेली गोष्ट तर सोडूच नका, ती नंतर मुलांकडून लिहून घेतली की आयतं पुस्तक तयार होतं. मुलांचा आवाज घेणार असाल तर पालकांची लेखी संमती, आणि रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण नाव, पत्ता काही नको.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही, साधा मोबाईल पुरतो, पण जागा बघून घ्या. पत्र्याच्या खोलीत पावसात रेकॉर्डिंग होत नाही हे सांगायला नको. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, त्यापेक्षा पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसा, पाठीमागे गोधडी टांगा, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरायचा, समोर धरला की प, फ, भ म्हणताना फुस्स असा वारा आत जातो. सुरुवातीचे दहा सेकंद कुणी बोलायचं नाही, कारण ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्याला ती शांतता दाखवली की मागची घरघर बरीच काढून टाकता येते. वेग मात्र मुद्दाम कमी ठेवा, मिनिटाला शंभरेक शब्द, बोट मागे पडता कामा नये. आणि पान उलटायची वेळ आली की घुंगरू वाजवा, अगदी एकदाच छुन्न, मुलं पहिल्याच दिवशी शिकतात.

फाइल एमपीथ्री, मोनो (म्हणजे एकाच चॅनेलचा आवाज), ६४ केबीपीएस (सेव्ह करताना हा आकडा निवडायचा, त्यावर फाइल किती मोठी होणार ते ठरतं). तासाभराचं साधारण २९ एमबी होतं, म्हणजे ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर अडीचशे तासांच्या वर मावतं, महागडा पेनड्राइव्ह नकोच. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, स्वस्त स्पीकर बाकी फॉरमॅट ओळखतीलच याची खात्री नाही. फाइलच्या नावाआधी ००१, ००२ असे नंबर द्या आणि तोच नंबर पुस्तकाच्या पाठीवर मोठ्या स्टिकरवर, म्हणजे पहिलीतलं मूलही शोधू शकतं. क्यूआर कोड दिसायला भारी वाटतो पण ऑनलाइन लिंक असली तर नेट नसलेल्या शाळेत तो नुसता शोभेचा.

आता खरेदी. चार्जिंगचा, पेनड्राइव्ह लागणारा आणि बटणं असलेला एक स्पीकर घ्या, टचवाला नको. हेडफोन कानावर बसणारे, कानात घालायचे नाहीत, आणि रोज पुसून ठेवायचे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी घ्या, आल्यावर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद करा. वेळापत्रकात तास लिहून घ्या, 'वेळ मिळेल तेव्हा' म्हटलं की तो मिळत नाही.

आणि हो, कॉपी तीन ठेवा, एक स्पीकरला, एक मुख्याध्यापकांच्या कपाटात, एक शाळेच्या ईमेलच्या ड्राइव्हवर, स्वतःच्या नाही, कारण गुरुजींची बदली झाली की पासवर्ड पण त्यांच्याबरोबर जातो. मे महिन्याच्या सुट्टीत स्पीकर पूर्ण उतरलेला ठेवू नका, गावातच राहणाऱ्या कुणाला तरी अधूनमधून चार्ज करायला सांगून ठेवा.