भंगारात गेलेल्या प्रिंटरचा आयकॉन काढताना

विंडोज १० मध्ये सेटिंग्जमधून पर्सनलायझेशन, मग टास्कबार, असं जाऊन घड्याळाशेजारी कोणते आयकॉन दिसावेत त्याची यादी उघडली, की तिथे कधीच काढून टाकलेली नावंही सापडतात. आमच्या घरी अजून प्रिंटरचा आयकॉन होता. प्रिंटर भंगारवाल्याने नेला त्याला दोन दिवाळ्या झाल्या. प्रोग्राम गेला तरी विंडोजने आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, त्याची आठवण ठेवलेली असते. ती पुसायला पाच मिनिटं पुरतात, तयारीला मात्र अर्धा तास काढा.

आधी त्या यादीचा मोबाईलवर फोटो काढा. पुसताना सगळीच आठवण जाते, त्यामुळे कोणता आयकॉन दाखवायचा आणि कोणता लपवायचा हे पुन्हा ठरवावं लागतं. खरंच नको असलेले प्रोग्राम आत्ताच अनइन्स्टॉल करा, नाहीतर ते सुरू झाले की आयकॉन परत हजर. कॉम्प्युटर घरात दोघं-तिघं वापरत असतील तर ज्याची यादी साफ करायची त्याच्याच लॉगिनने बसा, कारण ही नोंद प्रत्येकाची वेगळी असते. चालू कामं सेव्ह करा. पेनड्राइव्हवर फोटो कॉपी होत असतील तर ते संपू द्या. मध्येच एक्सप्लोरर, म्हणजे टास्कबार, डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, बंद करायचा आहे.

आता रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बघायचा-बदलायचा विंडोजमधलाच प्रोग्राम, उघडा. डावीकडे एकात एक असं उघडत जा: एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, पुन्हा सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन आणि शेवटी ट्रे नोटिफाय. या ट्रे नोटिफायवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, म्हणजे काही चुकलं तर परत आणायला त्याची प्रत राहते, आणि फाइलला तारखेचं नाव द्या. ही पायरी गाळणाऱ्याने पुढे वाचूच नये. उजवीकडे आयकॉन स्ट्रीम्स आणि पास्ट आयकॉन्स स्ट्रीम या दोन नोंदी दिसतात का पाहा. जायच्या त्या एवढ्याच. बाकी कशाला हात लावायचा नाही.

टास्क मॅनेजरही उघडून ठेवा. त्यातल्या डिटेल्समधून एक्सप्लोररला एंड टास्क द्यायचं. चालू एक्सप्लोरर जुनी यादी परत लिहून ठेवू शकतो, म्हणून आधी तो बंद, मग नोंदी डिलीट. टास्कबार गायब होईल, डेस्कटॉप कोरा पडेल. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘बिघडवलास ना!’ ऐकावं लागतं. ऑल्ट-टॅबने रेजएडिटवर या, दोन्ही नोंदी उडवा, मग टास्क मॅनेजरच्या फाइल मेन्यूतून नवीन टास्क म्हणून एक्सप्लोरर चालवा.

विंडोज ११ वाल्यांचा रस्ता वेगळा: एचकी करंट युजर, कंट्रोल पॅनल, नोटिफाय आयकॉन सेटिंग्ज. आत नुसत्या आकड्यांची फोल्डरं असतात. एक्झिक्युटेबल पाथमध्ये प्रोग्रामचं नाव बघून तेवढंच फोल्डर काढा. एक्सपोर्ट इथेही आधीच.