हंगामाची उपकारस्तुती घरात कशी करावी

दिवाळीच्या सुमारास खानदेशात कपाशीच्या वेचण्या जोरात असतात, बाजरी घरात आलेली असते, ज्वारी खळ्यावर असते, आणि गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारची तयारी सुरू होते. त्या रविवारी पाळक साहेब सर्व मंडळीसाठी आशीर्वाद मागतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात पीक आले त्या घरानेही आपल्या उंबरठ्याच्या आत बसून देवाचे उपकार मानावेत आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी लेकराबाळांवर आशीर्वाद उच्चारावा, ही रीत सगळ्याच घरांत उरलेली नाही. ती पुन्हा सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी, किंवा नव्याने विश्वासात आलेल्या आणि घरात अशी परंपराच नसलेल्या कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. शेती नसलेल्यांनीही ते वाचावे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या घराला बोनस मिळतो आणि नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी मिळते. त्यांचा हंगाम तोच.

आधी मजुरी, मग उपासना

बहुतेक जण तयारीची सुरुवात घर सारवण्यापासून किंवा गीते निवडण्यापासून करतात. माझ्या मते ती हिशेबाच्या वहीपासून करावी. लेवीय 19:13 मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते व तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो असे म्हटले आहे. कापसाची वेचणी आपल्याकडे किलोवर असते. संध्याकाळी बांधावर बाया आपापली गाठोडी घेऊन रांगेत येतात, काटा झाडाच्या फांदीला टांगलेला असतो, एक जण वजन वाचतो आणि दुसरा वहीत लिहितो. त्या वेळी साडेबावीसचे बावीस लिहिले गेले तर विचारणारे कोणी नसते. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे हे नीतिसूत्रांतले वचन (11:1) अशाच बांधावर लागू पडते. म्हणून उपासनेचा दिवस ठरवण्याआधी वही उघडावी, कोणाचे काय राहिले आहे ते पाहावे आणि ते देऊन टाकावे. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलते, त्यामुळे त्याचा पूर्ण हिशेब आत्ता होणार नाही. पण त्याची ठरलेली उचल थकली असेल तर तीही याच वेळी द्यावी.

दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यावर, उपदेश करताना मलाखीचा तिसरा अध्याय नेहमी वाचला जातो, कारण आकाशाची दारे उघडण्याचे वचन त्याच्या दहाव्या ओवीत आहे. त्याच अध्यायाच्या पाचव्या ओवीत मजुराच्या मजुरीबाबत जुलूम करणारे, विधवेला व अनाथाला छळणारे आणि परक्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्ष देईल असे म्हटले आहे, आणि हे लोक माझे भय धरीत नाहीत असा त्यांच्यावर ठपका ठेवला आहे. दहावी ओवी भिंतीवर टांगावी आणि पाचवी वाचूच नये, हे मला तरी पटत नाही.

वहीबरोबर घरातले अबोलेही पाहावेत. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले (मत्तय 5:23-24). बांधावरून दोन भावांत वाद असेल तर तो एका संध्याकाळी मिटणार नाही. पण निरोप तरी पाठवता येतो.

दिवस आणि जागा

मंडळीच्या उपकारस्तुतीच्या रविवारची आदली संध्याकाळ सर्वांत सोयीची पडते. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी मात्र निघण्याआधीचा दिवस धरावा, नाहीतर घरातली अर्धी माणसे उपासनेला नसतात. सगळे घरी आल्यावर, जेवणाआधी, सतरंजी अंथरून बसावे. टीव्ही बंद असावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असावेत. सुरतेला असलेल्या मुलाला आशीर्वादाच्या वेळी फोन लावायचा असेल तर एक मोबाइल तेवढ्यासाठी जवळ ठेवावा. मध्यभागी एका पाटावर पवित्र शास्त्र आणि त्याच्या शेजारी टोपली ठेवावी. टोपलीत पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस, ज्वारीची दोन-चार कणसे, रावेर-यावलकडे केळीची फणी, असे त्या घराचे जे असेल ते ठेवावे. नोकरदार घराने अर्पणाचे पाकीट ठेवावे. बाजारातून सफरचंदे आणून टोपली सजवू नये. ती टोपली पाहुण्यांना दाखवण्यासाठी नाही.

उपासनेचा क्रम

सुरुवात शांततेने करावी. देवाच्या मंदिरात जाताना जपून पाऊल टाक, तो स्वर्गात आहे आणि तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडे असोत, असा सल्ला उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि तो घरगुती उपासनेला फार उपयोगी पडतो. एक-दोन मिनिटे कोणीही बोलू नये. लहान मुले चुळबुळ करतील. त्यांना रागावू नये.

त्यानंतर सर्वांना पाठ असलेले एक गीत म्हणावे. ढोलकी व टाळ घरात असतील तर उत्तम, नसतील तर टाळ्या पुरेत. नारायण वामन टिळकांची गीते आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आहेत आणि ती घरातल्या म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय येतात, म्हणून गीताची निवड म्हाताऱ्यांवर सोपवावी.

वाचनासाठी पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकातला 26:1-11 हा भाग घ्यावा, कारण तो मुळात अशाच टोपलीविषयी आहे. इस्राएली शेतकऱ्याने जमिनीच्या प्रथमफळांची टोपली याजकाकडे न्यावी, आणि ती वेदीपुढे ठेवल्यावर काहीही मागण्याआधी आपल्या घराण्याची हकिगत सांगावी: आमचा मूळपुरुष भटकणारा अरामी होता, तो मिसर देशात गेला, तिथे आमचा छळ झाला, आम्ही हाक मारली आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढून हा देश दिला. नांगर कोणी धरला, बी किती लागले, भाव काय मिळाला, यांतले त्या हकिगतीत काही नाही. वाचून दाखवण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला द्यावे.

वाचनानंतरचे पाऊल सर्वांत महत्त्वाचे असून बहुधा तेच गाळले जाते. घरातल्या सर्वांत वडील माणसाने, म्हणजे आबांनी किंवा जिजीने, आपल्या घराण्याची तशीच हकिगत सांगावी. नवापूर-नंदुरबार पट्ट्यातल्या भिल्ल, मावची घरांत ही हकिगत कदाचित मिशनच्या काळातल्या पणजोबांपर्यंत जाईल. भुसावळ किंवा जळगावच्या घरात ती रेल्वेच्या नोकरीपासून सुरू होईल. नव्या विश्वासणाऱ्याच्या घरात ती एखाद्या आजारपणापासून किंवा सुटलेल्या दारूपासून सुरू होईल आणि पाच वाक्यांत संपेल. पाच वाक्ये पुरतात. कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणी उसने धान्य दिले, कोणाच्या प्रार्थनेने कोण उभे राहिले, हे मुलांच्या कानावर पडले पाहिजे. हकिगत अहिराणीत, मावचीत किंवा पावरीत सांगावी. म्हातारी माणसे प्रमाण मराठीत बोलू लागली की अर्धे विसरतात. प्रार्थनेलाही हेच लागू आहे. "देवबाप, तुना उपकार शेतस" एवढे म्हणून आजी थांबली तरी प्रार्थना पूर्ण झाली असे समजावे.

आशीर्वाद कसा उच्चारावा

आता आशीर्वाद. आशीर्वाद उच्चारणे हे फक्त पाळकाचे काम आहे असा समज आढळतो, पण उत्पत्तीच्या 48व्या अध्यायात दृष्टी मंदावलेला याकोब आपल्या नातवंडांच्या, एफ्राईम आणि मनश्शे यांच्या, डोक्यांवर हात ठेवून त्यांना आशीर्वाद देतो तेव्हा तो आजोबा म्हणूनच बसलेला असतो. गणना 6:24-26 मधला अहरोनाचा आशीर्वाद शब्दशः पाठ करावा, कारण तो आटोपशीर आहे आणि त्यात मनाचे काही घालण्याची गरज पडत नाही. संरक्षण, मुखप्रकाश, कृपा आणि शांती ही त्यातली मागणी आहे. पुढच्याच ओवीत देव म्हणतो की याजकांनी माझे नाव लोकांवर ठेवावे, म्हणजे मी त्यांना आशीर्वाद देईन. तेव्हा डोक्यावर हात आजीचा असला तरी देणारा कोण याविषयी शंका राहत नाही. देण्याची सत्ता आपल्या हातात आहे असे भासवणाऱ्यांपासून, आणि आशीर्वादाचे तेल किंवा रुमाल विकणाऱ्यांपासून, लांब राहावे.

प्रत्यक्षात असे करावे. वडील माणसाने उभे राहावे, शक्य नसेल तर खाटेवर बसावे. एकेकाने पुढे येऊन गुडघे टेकावेत. डोक्यावर हात ठेवून त्याचे नाव घ्यावे, तिन्ही ओव्या सावकाश म्हणाव्यात आणि सर्वांनी आमेन म्हणावे. घाईने सर्वांवर एकदम हात उंचावून मोकळे होऊ नये. येशूने लेकरांना कवेत घेतले व त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला असे मार्क 10:16 मध्ये आहे, आणि नाव घेऊन ठेवलेला हात मूल विसरत नाही. मुलगे आणि मुली यांत फरक करू नये. नव्या सुनेला शेवटी नव्हे, तिच्या नवऱ्याबरोबर बोलवावे. सालदार आणि त्याचे कुटुंब त्या वेळी घरी असेल व त्यांची इच्छा असेल तर त्यांच्यासाठीही प्रार्थना करावी, पण आग्रह करू नये. फोनवरच्या मुलाचे नाव घेताना आईचा आवाज हमखास भरून येतो, तेव्हा थोडे थांबावे.

ज्या तोंडाने हे झाले त्याच तोंडाने दुसऱ्या दिवशी कोणाला शिव्याशाप देऊ नयेत, ही याकोबाच्या पत्राची (3:9-10) अपेक्षा आहे. ती पाळणे अवघड जाते, विशेषतः कापूस विकायला गेल्यावर.

टोपली आणि जेवण

दुसऱ्या दिवशी टोपली मंडळीत न्यावी. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव करण्याची पद्धत अनेक मंडळ्यांत आहे आणि तो मोठा आनंदाचा भाग असतो; एखादा भोपळा दहा वेळा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करतो. मात्र बोली चढवण्यात मोठेपणा मिरवण्याचा मोह होतो, तो ओळखून वेळीच थांबावे.

अनुवादाच्या त्याच उताऱ्याच्या शेवटी लेवी (मंदिराची सेवा करणारा) आणि परका यांना बरोबर घेऊन आनंद करावा असे सांगितले आहे. हिवाळा लागला की भरिताची वांगी येतात. ती काड्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, हिरवी मिरची व कांद्याची पात घालून केलेले भरीत आणि कळण्याची भाकरी एवढ्यात वीस माणसांचे जेवण होते. शेजाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, जेवायला बोलवावे. कशाबद्दल आहे असे कोणी विचारले तर सरळ सांगावे. विचारले नाही तर ताटावर बसवून प्रवचन देऊ नये.

पीक गेले त्या वर्षी

2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापसाचे अतोनात नुकसान केले. केळीच्या बागा तर एका वादळात आडव्या होतात. अशा वर्षी उपकारस्तुती करावी का, असा प्रश्न येतो. करावी, पण तीच नव्हे. आनंदाचे गीत जबरदस्तीने म्हणू नये. अनुवादाच्या जागी स्तोत्र 13 वाचावे, ज्यात "कोठवर" असा प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारला आहे, आणि मग हबक्कूक 3:17-18 वाचावे, जिथे अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतांत अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी उल्लास करण्याचे ठरवतो. दोन्ही उताऱ्यांच्या मधल्या वेळात कोणी काही बोलले नाही तरी चालेल. आशीर्वादाचा भाग मात्र गाळू नये. उलट त्या वर्षी तो अधिक सावकाश करावा. पाटावर टोपली रिकामीच ठेवावी, उधार आणून भरू नये.

मंडळीतल्या इतरांनीही जपून वागावे. तुमचा दशांश राहिला असेल, तुमच्या घरात काही पाप असेल, असे नुकसान झालेल्या माणसाला सुचवणारे लोक भेटतात. ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच केले आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग त्यांच्यावरच झाला. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला तेव्हा प्रभूने, याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून असे झाले नाही, असे सांगितले (योहान 9:3). अशा घरी जाताना दोघे-तिघे जावे, बरोबर पायली-दोन पायली ज्वारी आणि थोडी डाळ न्यावी, ती आधी स्वयंपाकघरात पोहोचवावी, चहा घ्यावा, बियाण्याचे कर्ज कोणाचे आहे ते विचारावे, आणि प्रार्थना करू का असे घरच्या माणसाला विचारून मगच करावी.