आधी पाइप, मग रेग्युलेटर

गाडीला बाजारातला वेगळा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा पार्ट, बसवायचा म्हटलं की नव्या मुलांचं सगळं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या स्क्रूकडे जातं. स्क्रू आत घेतला की प्रेशर वाढतं, बाहेर काढला की उतरतं, एवढं पाच मिनिटांत कळतं. त्या रेग्युलेटरपर्यंत पेट्रोल आणणारे आणि तिथून ते टाकीत परत नेणारे पाइप बांधायला शिकणं हे खरं काम आहे, आणि या कामात गाडीला आग लागते तीही बहुतेकदा गळक्या पाइपामुळे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी पाइप शिकवतो. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

मी गोव्यातल्या फर्मागुडीच्या सरकारी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केला. पहिली नोकरी मात्र गॅरेजात नाही, उसगावच्या बाजूला हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्या दुकानात लागली. तेव्हा खाणी जोरात होत्या. एक्स्कॅव्हेटरचा पाइप फुटला की माणूस तो खांद्यावर टाकून धावत यायचा, आणि आम्ही तसाच नवा करून द्यायचो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ते काम आटलं आणि मी गाड्यांकडे वळलो. पण तिथे शिकलेलं सगळं इथे उपयोगी पडलं. पाइपाच्या टोकाला जोडासाठी जे फिटिंग लागतं, त्याची ठरलेली मापं असतात. हायड्रॉलिकच्या जेआयसी मापाच्या फिटिंगच्या तोंडाला ३७ अंशांचा कोन असतो, आणि गाड्यांच्या एएन मापाच्या फिटिंगलाही तोच. गोव्यात हे काम शिकायचं असेल तर काही महिने एखाद्या हायड्रॉलिक दुकानात काढा, असं मी मनापासून सांगेन. आटे ओळखायला तिथे जितकं शिकाल तितकं वर्गात बसून शिकणार नाही.

आता रेग्युलेटर नक्की करतो काय? आत एक पडदा असतो, त्याच्या एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला पेट्रोल. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रेशर झालं की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत जातं. स्प्रिंगच्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची) बारीक नळी जोडलेली असते. त्यामुळे इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या पार्टच्या) आतलं आणि बाहेरचं प्रेशर यांतला फरक कायम राहतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो ३ बार, म्हणजे सुमारे ४३.५ पीएसआय असतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये साधारण ०.६ बारची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, असते, म्हणून गेज २.४ च्या आसपास दाखवतो. टर्बोने ०.७ बार बूस्ट, म्हणजे हवेचं जादा प्रेशर, दिला तर तोच गेज ३.७ वर जायला हवा.

प्रेशर वाढवलं की पॉवर वाढते, हा समज घेऊन बरीच गिऱ्हाइकं येतात. इंजेक्टरचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचे ४ केले तर पेट्रोल १५ टक्क्यांच्या आसपास जास्त जातं, आणि साध्या चालवण्यात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सर बघून ते परत कमी करतो. शिवाय प्रेशर चढलं की पंपाचा पुरवठा घटतो आणि तो करंट जास्त ओढतो. मोठा पंप टाकला आणि कंपनीच्या रेग्युलेटरला तेवढं पेट्रोल परत सोडता येत नाही, टर्बो बसवला, किंवा जुन्या गाडीचा मूळ पार्ट कुठे मिळतच नाही, तेव्हा हा बदल खरा कामाचा. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. काम हातचं गेलं तरी चालेल. आणि गाडीला रिटर्न लाइन आहे का ते बघा. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटर टाकीतल्या पंपाबरोबरच असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या शेकडो बारच्या लाइनला तर हा पार्ट लावायचाच नाही.

पाइपाचं माप ओळखणं सोपं आहे. एएन-६ म्हणजे ६/१६ इंच नळी, तिचे आटे ९/१६ इंच, इंचाला १८. एएन-८ चे ३/४ इंच, इंचाला १६. पाइपावरची स्टीलच्या तारांची वीण बाहेरून सगळीकडे सारखीच दिसते, फसवणूक होते ती आतल्या थरात. एका प्रकारात आत रबर असतं, दुसऱ्यात पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते साध्या रबराला सोसत नाही, म्हणून मी पीटीएफईच वापरतो. त्यातही आतून काळा, कार्बन मिसळलेला थर असलेला घ्या, कारण वाहत्या पेट्रोलने तयार होणारी स्थिर वीज तो वाहून नेतो. दोन्ही प्रकारांची फिटिंग वेगळी असतात. पीटीएफईच्या फिटिंगमध्ये एक छोटी पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी येते, रबराच्या फिटिंगमध्ये ती नसते. अदलाबदल केली तर हाताला घट्ट लागेल, पण प्रेशरला सुटेल.

कापायच्या जागेवर टेप ताणून दोन-तीन वेढे गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कापा. पातळ कटिंग व्हील सगळ्यात चांगलं, नाहीतर बारीक दात्यांचं नवं हॅक्सॉ ब्लेड. काप काटकोनातच हवा. पाइपात पेट्रोल असेल तर ग्राइंडरचं नाव काढू नका, कापायचा तो नवा, कोरडा पाइप. टेप काढण्याआधी सॉकेट, म्हणजे फिटिंगचा बाहेरून बसणारा तुकडा, पाइपावर सरकवून ठेवा, कारण वीण एकदा फुलली की सॉकेट आत जाणार नाही आणि बोटं मात्र फाटतील. मग टोकाकडची वीण हळूच बाहेर फुलवा, कडी विणीच्या आणि पीटीएफई नळीच्या मधे बसवा आणि नळीचं टोक कडीच्या आतल्या पायरीला टेकेपर्यंत दाबा. विणीची एकही तार कडीच्या आत राहता कामा नये. एक तार राहिली तरी तिथून गळतं, आणि ते दिसतं गाडी गरम झाल्यावर. यानंतर निपल, म्हणजे फिटिंगचा पाइपात शिरणारा तुकडा, अ‍ॅल्युमिनियमचे जबडे लावलेल्या व्हाइसमध्ये धरा, आट्यांना आणि निपलच्या शेपटीला तेलाचे थेंब द्या आणि पाइप आत ढकलत सॉकेट फिरवा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे कोरडे फिरवले तर ते एकमेकांत चिकटून ओरबाडतात, मग फिटिंग भंगारात. सॉकेट आणि निपलच्या षटकोनामध्ये साधारण १ मिलीमीटर फट राहिली की थांबा. सुरू करण्याआधी सॉकेटच्या कडेला पाइपावर मार्करने रेघ मारून ठेवा. शेवटी ती रेघ बाहेर सरकलेली दिसली तर पाइप मागे ढकलला गेला आहे. सगळं खोला आणि पुन्हा करा.

बांधून झालेला पाइप दोन्ही बाजूंनी हवेने फुंका. कापताना पडलेला धातूचा कण इंजेक्टरच्या जाळीत अडकला की मग आठवडाभर इंजिन का मिस होतंय ते शोधत बसाल. एक तोंड बंद करून, पाण्यात बुडवून हवेचं प्रेशर द्या आणि बुडबुडे बघा, नंतर नीट वाळवा. हवा कामाच्या प्रेशरपेक्षा फार जास्त देऊ नका.

पाइप टाकताना इंजिन माउंटिंगवर हलतं हे लक्षात ठेवून थोडी ढील ठेवा. स्टीलची वीण शेजारच्या वायरीला आणि पत्र्याला करवतीसारखी कापते, तेव्हा ठिकठिकाणी रबर लावलेल्या क्लिपा हव्यातच. एक्झॉस्टपासून लांब राहा. समुद्राकाठच्या गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचं फिटिंग आणि स्टील एकत्र आलं की खाऱ्या हवेने पांढरी पूड धरते. कळंगुट, मोरजीकडच्या गाड्या पावसाळ्यानंतर मी परत बोलावतोच. बोटीच्या इंजिनाचं काम आलं तर हा पाइप लावू नका, तिथे आयएसओ ७८४० छापलेला आगरोधक पाइप लागतो.

गाडीवर हात घालण्याआधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. जोड सैल करताना फडकं धरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते, म्हणून हे काम सर्व्हिस पिटवर करायचं नाही. पावसात शेडचे पडदे ओढलेले असतील तर ते उघडा, भिजलं तरी चालेल. पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा.

रेग्युलेटर फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) नंतर, रिटर्नच्या बाजूला येतो. बहुतेकांत बाजूची तोंडं आत येणाऱ्या पेट्रोलची आणि खालचं रिटर्नचं असतं, तरी सोबतचं चित्र बघा. ओ-रिंगच्या तोंडाला आणि ३७ अंशांच्या जोडाला टेफ्लॉन टेप लावायची नाही. गेजच्या निमुळत्या आट्यांनाच पेट्रोल सोसणारं लिक्विड सीलंट लागतं. केबिनमध्ये गेज हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर लावा. पेट्रोलची नळी कधीच आत आणू नका.

आता स्क्रू. इग्निशन चालू करून पंपाला प्रेशर भरू द्या आणि प्रत्येक जोड टॉर्चने आणि बोटाने तपासा. कोरडं असेल तरच इंजिन सुरू करा. मॅनिफोल्डकडून येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं टोक बंद करा, आयडलिंगला प्रेशर ठरल्या आकड्यावर आणा, स्क्रू पकडून ठेवणारा चेकनट घट्ट करा आणि नळी परत लावा. आकडा उतरला पाहिजे. उतरला नाही तर नळी चुकीच्या जागी आहे किंवा फाटलेली आहे. त्या नळीत पेट्रोल दिसलं तर पडदा फाटला, रेग्युलेटर बदला. आणि स्क्रू पूर्ण बाहेर काढूनही प्रेशर ३ च्या खाली येत नसेल, तर दोष रेग्युलेटरला देऊ नका. रिटर्नचा पाइप बारीक आहे किंवा कुठेतरी दबलाय. लोक इथेच रेग्युलेटर बदलत राहतात आणि पैसे जातात. पाइप आधी का शिकायचा, ते या एका दोषावरून कळतं. द्रव भरलेला गेज इंजिनच्या उष्णतेने चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून सेटिंग गेज थंड असतानाच करा.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या मर्यादा आहेत, आणि विम्याचा प्रश्नही येतो. हे गिऱ्हाइकाला लेखी द्या. रॅली-ऑटोक्रॉससारख्या शर्यतींच्या गाड्यांचं काम वेगळं, तिथे तपासणी करणारे अधिकारी जोड न जोड बघतात.

शेवटची चाचणी मी चोर्ला घाटात घेतो. चढावर इंजिनला पूर्ण लोड येतो आणि बॉनेटखाली उष्णता साचते. वर पोहोचल्यावर आधी इंजिन बंद करून वास घ्यायचा, मग बॉनेट उघडून प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवायचं. परत आल्यावर गाडी थंड झाली की जोड पुन्हा पान्याने तपासायचे, आणि जॉब कार्डावर नळी काढलेली असतानाचं आणि लावलेली असतानाचं, अशी दोन्ही प्रेशर, पाइपाचा प्रकार आणि तारीख लिहायची.