जुना ओपल घेताय? आधी कडेने बघा

गोव्यात जुन्या घरांतल्या पेट्यांतून कधीकधी ओपलची अंगठी नाहीतर ब्रोच निघतो, आफ्रिकेत किंवा लिस्बनला राहिलेल्या कुणा नातेवाईकाने आणलेला. हणजूणच्या बुधवारच्या बाजारातही ‘अँटिक ओपल’ सांगून दागिने विकतात. दोन्हीकडे बघायची पद्धत एकच.

दगड उजेडात धरून हळूहळू तिरका करत जा. चांगल्या ओपलमध्ये हिरवा सरकत निळा होतो, मध्येच एखादा लाल ठिपका पेटतो आणि जरा हात हलला की गायब, आणि हे रंग कुणी घातलेले नसतात, आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे ओळीने रचलेले असतात त्यांच्यामुळे प्रकाश फुटतो. लाल दिसायला गोळे मोठे लागतात, ते कमी सापडतात, म्हणून लाल झाक असलेला ओपल महाग. मला विचाराल तर या खेळासाठीच ओपल घ्यावा.

मग अंगठी आडवी धरून भिंगातून कडेने बघा. सरळ रेघ दिसली तर तो डबलेट, म्हणजे ओपलची पातळ चकती खाली दुसऱ्या दगडाला चिकटवलेली. वर आणखी काचेसारखा घुमट असेल तर ट्रिपलेट. वाईट नसतात, पण किंमत अख्ख्या ओपलची देऊ नका आणि पाण्यात तर बुडवूच नका, डिंकात पाणी शिरलं की दगड धुरकट होतो. मागून बंद कोंदण असेल तर हे कळणं कठीण, तेव्हा ओळखीच्या शेटांना, म्हणजे सोनारांना, दाखवूनच पैसे द्या. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर सोडून द्या, त्या बुजत नाहीत.

ठसाही वाचा. इंग्लंडमध्ये १५ कॅरेटचं सोनं १९३२ मध्ये बंद झालं, त्यामुळे आत १५ आणि ६२५ (हजार भागांत ६२५ भाग शुद्ध सोनं) असा इंग्लिश ठसा असेल तर अंगठी साधारण त्याआधीची. पोर्तुगीज सोनं बहुतेक १९.२ कॅरेटचं, म्हणजे ८००. मात्र ठसा सोन्याचं वय सांगतो, दगड नंतर बदललेला असू शकतो.

ओपल अपशकुनी म्हणून घाबरणारे अजून भेटतात. युरोपात ही भीती वाढली ती वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीनंतर, असं म्हणतात. राणी व्हिक्टोरियाला मात्र ओपल फार आवडायचा, तिच्या मुकुटातले ओपल पुढे सून अलेक्झांड्राने काढून माणकं बसवली. आपल्याकडे तर तो शुक्राचा खडा म्हणून हौसेने घालतात, शिवाय ऑक्टोबरवाल्यांचा जन्मखडा. आजीची अंगठी असेल तर बिनधास्त घाला.

सांभाळायचं कसं? ओपलमध्ये पाणी असतं, म्हणून एकदम गरम-थंड, दागिने धुण्याचं अल्ट्रासॉनिक मशीन, वाफ हे सगळं बंद. पावसाळ्यात बुरशीसाठी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवता ना, त्या ओपलच्या डबीत नकोत, आपली दमट हवा त्याला मानवते. समुद्रावर जाताना काढून ठेवा, परफ्यूम आणि सनस्क्रीन लावून झाल्यावरच घाला. कोरड्या फडक्याने घासू नका, धुळीतली वाळू ओपलपेक्षा कडक असते, चरे पडतात. ओलसर मऊ कापडाने हलकेच पुसून, वेगळ्या कापडी पिशवीत, हिऱ्यांपासून लांब ठेवा.